हिवाळ्याच्या रात्री घरात ऊब किती असावी?

दिवाळी सरते, आकाशकंदील उतरतात आणि मराठवाड्यातील रात्री हळूहळू गार होऊ लागतात. मार्गशीर्षात लोहा तालुक्यातील माळेगावी खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा थंडी ऐन भरात असते. शेताच्या बांधावर हुरड्याची आगटी पेटते, गल्लीच्या कोपऱ्यावर शेकोटीभोवती माणसे जमतात आणि ट्रंकेच्या तळाशी गेलेल्या गोधड्या, वाकळा, घोंगड्या उन्हात पडतात. थंडीची आपली तयारी बहुधा येथेच संपते. उन्हाळ्यासाठी आपण कूलर दुरुस्त करून घेतो, खिडक्यांना वाळ्याचे ताटे लावतो, गच्चीवर चुना मारतो. हिवाळ्यासाठी मात्र घराकडे कुणी पाहत नाही. ‘दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे’ असे म्हणून वेळ मारून नेली जाते.

या दोन महिन्यांत पहाटेच्या वेळी घरातील वृद्धांचा खोकला वाढतो, दम्याच्या रुग्णांची झोपमोड होते, बाळंतिणीच्या खोलीत पेटती शेगडी ठेवली जाते. घरात रात्री नेमके किती तापमान असावे, ते कसे मोजावे आणि फारसा खर्च न करता कसे राखावे, याचा विचार म्हणूनच करायला हवा. नांदेड आणि लातूर या दोन शहरांतील घरे आणि हवामान डोळ्यांपुढे ठेवून ही माहिती येथे दिली आहे.

दुपार उन्हाळ्याची, पहाट हिवाळ्याची

नांदेड शहर गोदावरीच्या काठी, समुद्रसपाटीपासून सुमारे ३६० मीटर उंचीवर आहे. लातूर बालाघाटच्या पठारावर, सुमारे ६३० मीटर उंचीवर वसले आहे. दोन्ही ठिकाणी डिसेंबर-जानेवारीत दुपारचे तापमान २८ ते ३० अंश सेल्सिअसच्या घरात असते आणि रात्रीचे किमान तापमान साधारणपणे १२ ते १४ अंशांच्या आसपास उतरते. उत्तरेकडून कोरडे, थंड वारे वाहू लागले की पारा १० अंशांच्याही खाली जातो. दुपार आणि पहाट यांत १५-१६ अंशांचे अंतर पडते. मुंबई-कोकणात हे अंतर बरेच कमी असते, कारण समुद्र आणि दमट हवा तापमान सावरून धरतात.

मराठवाड्याच्या पठारावर हिवाळ्यात आकाश निरभ्र आणि हवा कोरडी असते. दिवसभर तापलेली जमीन, छप्परे आणि भिंती सूर्यास्तानंतर आपली उष्णता आकाशाकडे सोडू लागतात. ढग किंवा बाष्प असते तर त्यातील काही उष्णता परत फिरली असती. ते नसल्याने रात्रभर उष्णता निसटत राहते आणि सूर्योदयाच्या सुमारास तापमान नीचांकाला पोहोचते. ढगाळ रात्र उबदार आणि चांदण्यांनी भरलेली रात्र बोचरी का असते, याचे उत्तर यात आहे.

भारतीय हवामान विभागाच्या निकषांनुसार मैदानी भागात किमान तापमान १० अंश किंवा त्याहून कमी असेल आणि ते सरासरीपेक्षा ४.५ ते ६.४ अंशांनी खाली गेले असेल, तर ती थंडीची लाट मानली जाते. घट त्याहून मोठी असेल तर ती तीव्र लाट ठरते. सरासरीचा विचार न करता पारा ४ अंश किंवा त्याखाली गेला तरीही लाट जाहीर होते. म्हणजे सरासरी किमान तापमान १३ अंश असताना नांदेडचा पारा साडेनऊवर आला, तर शास्त्रीय अर्थाने ती लाट नव्हे. पत्र्याच्या खोलीत झोपलेल्या माणसाच्या दृष्टीने मात्र या व्याख्येला फारसा अर्थ नाही. त्याच्या खोलीतील पारा किती आहे, हाच त्याच्यासाठी खरा प्रश्न आहे.

आकडा कोणता मानावा?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली घर आणि आरोग्य यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. समशीतोष्ण किंवा त्याहून थंड हवामानात हिवाळ्यात घरातील तापमान १८ अंशांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस त्यांत आहे. लहान मुले, वृद्ध आणि जुनाट आजार असलेल्यांसाठी ते याहून अधिक असणे इष्ट, असेही त्यांत सुचवलेले आहे. ही मर्यादा सुरक्षिततेची आहे. सुखावह तापमान हा थोडा वेगळा विषय आहे.

सुखाची कल्पना माणसाला झालेल्या सवयीवर अवलंबून असते. मे महिन्यात ४२-४३ अंश सोसणाऱ्या नांदेडकराला १८ अंश गार वाटतात, तर युरोपातील माणसाला तेच तापमान आल्हाददायक वाटते. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातील संशोधकांनी भारतीय कार्यालयांतील कर्मचाऱ्यांच्या प्रत्यक्ष अनुभवांवरून एक सूत्र तयार केले आणि २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेने त्याची दखल घेतली. वातानुकूलन नसलेल्या, खिडक्या उघडता येणाऱ्या इमारतीसाठी हे सूत्र सोपे आहे. गेल्या महिनाभरातील बाहेरचे सरासरी तापमान घ्यावे, त्याला ०.५४ ने गुणावे आणि १२.८३ मिळवावेत. बाहेरची सरासरी २० अंश असेल तर उत्तर साडेतेवीस अंशांच्या थोडे पुढे येते. दोन-अडीच अंश इकडे-तिकडे झाले तरी बहुतेकांना चालते. म्हणजे जागेपणी, साध्या कपड्यांत, टेबलाशी बसलेल्या माणसाला आपल्याकडील हिवाळ्यात सुमारे २१ ते २६ अंश सुखाचे वाटतात.

झोपेत परिस्थिती बदलते. अंगावर पांघरूण असते आणि पांघरुणाखालील हवा शरीराच्या उष्णतेने ३० अंशांच्या आसपास पोहोचते. त्यामुळे खोली त्यापेक्षा थोडी गार असली तरी बिघडत नाही, उलट झोप चांगली लागते. या सर्व गोष्टी एकत्र पाहिल्या तर आपल्या भागासाठी एक व्यवहारी अंदाज बांधता येतो. निरोगी प्रौढांसाठी रात्री १८ ते २२ अंश योग्य आहेत. चांगले अंथरूण-पांघरूण असेल तर धडधाकट माणूस १५-१६ अंशांतही निर्धास्त झोपू शकतो. वृद्ध, तान्ही बाळे, हृदयविकार व दम्याचे रुग्ण यांच्या खोलीत मात्र १८ ही लक्ष्मणरेषा समजावी आणि शक्य तितके २० च्या वर राहावे. खोली २४-२५ अंशांच्या वर तापवून त्यात जाड गोधडी घेतल्यास घाम येतो, घसा कोरडा पडतो आणि झोप तुटते.

शरीराचे घड्याळ आणि पहाटेचे चार

रात्री शरीराचे अंतर्गत तापमान जवळपास एक अंशाने उतरते. झोप लागण्यापूर्वी हातापायांच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि तेथून उष्णता बाहेर पडते. पाय गार पडलेले असतील तर ही क्रिया मंदावते आणि झोप लांबते. निजताना पायमोजे घालण्याचा आजीचा सल्ला शास्त्राला धरून आहे, तो यामुळेच.

शरीराचे तापमान पहाटे चार-पाचच्या सुमारास सर्वांत कमी असते. घराबाहेरची हवाही त्याच सुमारास नीचांकाकडे चाललेली असते. रात्री दहा वाजता पुरेसे वाटलेले पांघरूण पहाटे अपुरे पडते, ते या दुहेरी उतारामुळे. घरातील थंडीचा अंदाज रात्री दहाला घेतला तर तो चुकतो. पहाटे पाचचा पारा खरा मानावा.

थंडीत त्वचेजवळील रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो आणि हृदयावरील ताण वाढतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१५ साली १३ देशांतील मृत्यूंच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रतिकूल तापमानाशी निगडित मृत्यूंपैकी बहुसंख्य थंडीशी संबंधित होते आणि त्यांतही कडाक्याच्या लाटेपेक्षा दीर्घकाळ टिकणाऱ्या मध्यम थंडीचा वाटा मोठा होता. त्या १३ देशांत भारत नव्हता. परंतु भारतातील मृत्यूंच्या नोंदींवर आधारलेल्या २०१८ सालच्या अभ्यासातही मध्यम थंडीचा वाटा तीव्र थंडी आणि तीव्र उष्णता यांहून मोठा आढळला. ‘आपल्याकडे कुठे एवढी थंडी पडते’ हा समज म्हणूनच तपासून पाहायला हवा.

घराची ऊब छतावर ठरते

एकाच गल्लीत, एकाच रात्री दोन घरांतील तापमानात पाच-सहा अंशांचा फरक असू शकतो. तो प्रामुख्याने छप्पर आणि भिंती यांमुळे पडतो.

पत्र्याचे छप्पर उष्णता साठवून ठेवत नाही. सूर्य मावळल्यावर ते झपाट्याने गार होते आणि मध्यरात्रीनंतर खोलीतील तापमान बाहेरच्या जवळपास येते. पत्रा आकाशाकडे उष्णता सोडत असल्याने कधी कधी भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतो. मग श्वासातील बाष्प त्याच्या खालच्या बाजूला गोठून पहाटे थेंब टपकू लागतात.

चार-पाच इंच जाडीचा सिमेंट काँक्रीटचा स्लॅब दिवसभर तापतो आणि ती उष्णता तीन-चार तासांच्या अंतराने आत सोडतो. त्यामुळे वरच्या मजल्यावरील खोली संध्याकाळी उबदार वाटते, परंतु रात्र सरत जाते तसा तिचा साठा संपतो. ज्या खोलीवर दुसरा मजला आहे आणि जिच्या दोन्ही बाजूंना खोल्या आहेत, ती सर्वांत स्थिर राहते. घरात वृद्ध किंवा बाळ असेल तर हिवाळ्यापुरती त्यांची झोपण्याची जागा अशा मधल्या खोलीत हलवणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

मराठवाड्यातील जुनी घरे याहून वेगळी होती. दगड-मातीच्या दोन-तीन फूट जाडीच्या भिंती, लाकडी तुळया, त्यांवर फळ्या किंवा किलचाचा थर आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवदाचे घर असे. एवढ्या जाड भिंतीतून उष्णता आत यायला दहा-बारा तास किंवा त्याहून अधिक वेळ लागतो. दुपारची ऊब रात्री उशिरा आत पोहोचे आणि रात्रीचा गारवा दुपारी. म्हणून ही घरे उन्हाळ्यात थंड आणि हिवाळ्यात उबदार भासत. जुन्या माणसांच्या बोलण्यात माळवदाच्या घराची आठवण अजूनही येते, ती उगाच नाही.

या उबेची किंमत मात्र मराठवाड्याने फार भयंकर रीतीने मोजली. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी औसा तालुक्यातील किल्लारी परिसर भूकंपाने हादरला. आदल्या दिवशीच गणेश विसर्जन झाले होते आणि गावे गाढ झोपेत होती. घराला ऊब देणाऱ्या त्याच जाड भिंती आणि मातीची जड छप्परे क्षणार्धात कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात हजारो माणसे ढिगाऱ्याखाली दगावली. त्यानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने झालेल्या पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. सिमेंटच्या भिंती, लोखंडी सळया आणि स्लॅब यांची घरे उभी राहिली. वाचलेल्या जुन्या घरांत झोपण्याची धास्ती पुढे बरीच वर्षे अनेकांच्या मनातून गेली नाही. ते अंगणात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये झोपणे पसंत करीत.

हलके घर सुरक्षित, पण लवकर गार होणारे, आणि जड घर उबदार, पण धोक्याचे, असा हा पेच आहे. जुन्या घराचा वारसा मिळालेल्या कुटुंबांनी ऊब टिकावी म्हणून माळवदावर दरवर्षी मातीचा नवा थर चढवत जाणे धोक्याचे आहे. छतावरील प्रत्येक थर भूकंपाच्या वेळी भिंतींवरील ताण वाढवतो. उष्णता धरून ठेवण्यासाठी वजनाचीच गरज असते असे नाही. स्थिर, बंदिस्त हवेचा थरही तेच काम करतो. पत्र्याखाली फळ्यांचे, प्लायवूडचे किंवा थर्माकोलच्या तावांचे आतले छत केले आणि मध्ये चार-सहा इंचांची पोकळी ठेवली, तर खोली पहाटेपर्यंत बरीच सावरते आणि उन्हाळ्यातही तिचा उपयोग होतो. थर्माकोल लवकर पेटतो, म्हणून तो चूल, दिवा व वायरिंग यांपासून दूर असावा आणि उघडा न ठेवता झाकलेला असावा.

आधी मोजा, मग उपाय करा

खोलीचे तापमान दाखवणारा साधा थर्मामीटर फार महाग नसतो. तो बाहेरच्या भिंतीवर, खिडकीशेजारी किंवा दिव्याखाली लावू नये. आतल्या भिंतीवर, पलंगाच्या उंचीवर लावावा. आठवडाभर रात्री दहा वाजता आणि पहाटे पाच-साडेपाचला पारा पाहून वहीत लिहावा. सोबत वृत्तपत्रात येणारे शहराचे किमान तापमान लिहावे.

या वहीतून दोन गोष्टी कळतात. पहाटेचा पारा १८ च्या वर राहत असेल तर घराला काहीही करण्याची गरज नाही. केवळ अंथरूण-पांघरूण पाहावे. दहा ते पाच या वेळात पारा पाच-सहा अंशांनी घसरत असेल तर उष्णता कुठून तरी वेगाने बाहेर जात आहे. छप्पर, दाराखालची फट, बंद न होणारा झरोका किंवा फुटकी काच यांपैकी दोषी कोण, ते शोधावे. रात्री दारा-खिडक्यांच्या कडेने उदबत्ती फिरवली तर तिचा धूर जेथे वाकडा होतो तेथे वारा शिरतो आहे असे समजावे.

दिवसाचे ऊन साठवा

दुपारी २८-२९ अंशांचे फुकटचे ऊन मिळणाऱ्या प्रदेशात रात्री विजेवर खोली तापवण्याची वेळ सहसा येऊ नये. त्यासाठी खिडक्या वेळेवर उघडणे आणि वेळेवर मिटणे एवढेच पुरते.

सकाळी दहाच्या सुमारास बाहेरची हवा घरापेक्षा उबदार होते. तेव्हापासून दुपारी चार-साडेचारपर्यंत खिडक्या, पडदे उघडे ठेवावेत. डिसेंबरात सूर्य सहाच्या आत मावळतो. त्यापूर्वीच खिडक्या आणि झरोके लावून जाड पडदे ओढावेत. आपल्याकडे नेमके उलटे होते. दुपारी घर बंद असते आणि संध्याकाळी ‘हवा खेळावी’ म्हणून खिडक्या उघडल्या जातात. दिवसभराची पुंजी मग तासाभरात निघून जाते. डासांसाठीही संध्याकाळी खिडक्या बंद असणे बरेच.

दक्षिणेकडील खिडकी हिवाळ्यात फार मोलाची आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास नांदेड-लातूर येथे भरदुपारी सूर्य क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंशांवरच असतो. वर छज्जा नसेल तर सात फूट उंचीपर्यंत गेलेल्या खिडकीतून ऊन खोलीत सहा फुटांपर्यंत पोहोचते. उन्हाळ्यात सूर्य डोक्यावर आल्याने तीच खिडकी त्रास देत नाही. अंथरूण दुपारी या उन्हात पसरावे. शहाबादी फरशीवर ऊन पडू दिले तर तीही थोडी ऊब धरते.

रात्री सर्व फटी घट्ट बंद करून घेऊ नयेत. माणसाच्या श्वासाने खोलीत बाष्प आणि कोंदटपणा वाढतो. वाऱ्याच्या विरुद्ध दिशेची एखादी खिडकी बोटभर उघडी असावी. एवढ्याने खोली फारशी गार होत नाही.

पांघरुणाचे शास्त्र

गोधडी स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. तिच्या थरांत अडकलेली हवा शरीराची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे थर टाके घालून शिवलेली वाकळ याच तत्त्वावर उबदार ठरते. लोकरीची घोंगडी तर त्याहून पुढे जाते, कारण लोकरीच्या तंतूंत हवा अधिक अडकते आणि ती थोडी ओलसर झाली तरी ऊब देते. एका जड रजईपेक्षा दोन हलकी पांघरुणे अधिक उपयोगी पडतात. रात्री एक चादर आणि पहाटे ओढून घेण्यासाठी पायाशी ठेवलेली गोधडी, ही पद्धत शरीराच्या घड्याळाशी जुळते.

अंगाखाली काय आहे, याकडे मात्र आपले दुर्लक्ष होते. फरशीवर नुसती सतरंजी टाकून झोपले तर फरशी रात्रभर शरीराची उष्णता शोषून घेते. वर दोन गोधड्या घेऊनही मग पाठ गारच राहते. फरशीवर झोपायचे असेल तर खाली चटई, तिच्यावर गादी किंवा घडी केलेली गोधडी हवी. बाजेवर झोपणाऱ्यांना खालून वारा लागतो, त्यांनीही जाड गोधडी खाली घालावी. पांघरूण आठवड्यातून दोन-तीनदा उन्हात टाकावे. रात्रीच्या घामाने दबलेला कापूस उन्हात सुटा होतो आणि त्याची ऊब परत येते.

हीटर घ्यावा का?

दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंचीच्या खोलीत जेमतेम ४० किलो हवा असते. ही हवा पाच अंशांनी तापवायला वीज फारच थोडी लागते. हजार वॉटच्या हीटरला त्यासाठी हिशेबाने चार मिनिटेही लागू नयेत. प्रत्यक्षात खोली तापत नाही, कारण गार भिंती, फरशी आणि स्लॅब ती उष्णता लगेच ओढून घेतात. हीटर बंद करताच हवा पुन्हा गार होते. हजार वॉटचा हीटर रात्री आठ तास चालवला तर आठ युनिट, म्हणजे महिन्याला २४० युनिट वीज लागते. एखाद्या छोट्या कुटुंबाचा महिन्याचा सारा वापर याहून कमी असू शकतो.

त्यामुळे हीटर झोपण्यापूर्वी अर्धा तास आणि पहाटे उठण्याच्या वेळी अर्धा तास लावणे शहाणपणाचे. एरवी तो बंद असावा. दोन हजार वॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर वीज ओढतो, तो पंख्या-दिव्याच्या साध्या प्लगला किंवा लांबलचक जोडवायरला लावू नये. त्यासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र प्लग हवा. पांघरूण, मच्छरदाणी आणि पडदे त्याच्यापासून किमान तीन फूट दूर असावेत. गरम पाण्याची रबरी पिशवी टॉवेलात गुंडाळून पायाशी ठेवली तर काही पैशांत तेच सुख मिळते. मधुमेहींच्या पायांना चटका जाणवत नाही, त्यांनी पिशवी अंगाला न लावता निजण्यापूर्वी अंथरूण गरम करून काढून घ्यावी.

शेगडी बंद खोलीत नको

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल, तर ती ही. कोळशाची, गोवऱ्यांची किंवा लाकडाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नये. पुरेशी हवा न मिळता जळणाऱ्या निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून शेगडी निर्धोक झाली असे वाटते, तेव्हाच ती सर्वांत धोकादायक असते, कारण धगधगणारे निखारे धुराविना हा वायू सोडत राहतात. तो रक्तातील हिमोग्लोबिनशी प्राणवायूपेक्षा कित्येक पटींनी घट्ट जोडला जातो आणि शरीराला प्राणवायू मिळेनासा होतो. जागा माणूस डोकेदुखी, मळमळ, चक्कर यांवरून सावध होऊ शकतो. झोपलेला माणूस जागाच होत नाही. उत्तर भारतातून दर हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या येतात आणि महाराष्ट्रही त्याला अपवाद नाही.

बाळंतिणीला शेक देण्याची आपल्याकडे प्रथा आहे. शेक द्यायचाच असेल तर दार-खिडकी उघडी ठेवून, कुणीतरी जागे असताना द्यावा आणि नंतर शेगडी घराबाहेर न्यावी. निखाऱ्यांवर राख टाकून ती खोलीतच ठेवल्याने धोका टळत नाही. न्हाणीघरातील गॅस गीझरबाबतही हेच लागू आहे. झरोका नसलेल्या न्हाणीघरात तो नसावा. एखादी व्यक्ती अशा खोलीत बेशुद्ध आढळली तर प्रथम दारे-खिडक्या उघडाव्यात, तिला मोकळ्या हवेत आणावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

तान्ही बाळे आणि वृद्ध

नवजात बाळ, विशेषतः कमी वजनाचे, स्वतःची उष्णता टिकवू शकत नाही. प्रसूतिगृहातील खोली २५ ते २८ अंशांवर ठेवली जाते, ती याचसाठी. घरी एवढे तापमान राखणे कठीण असते. तेव्हा बाळाला आईच्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवणे हा सर्वांत सुरक्षित हीटर आहे. बाळाचे पोट आणि तळपाय हाताने पाहावेत. दोन्ही उबदार असतील तर ठीक. पोट उबदार पण तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही गार असतील तर बाळाला ताबडतोब छातीशी घेऊन डॉक्टरांकडे न्यावे. जड गोधडी बाळाच्या तोंडावर येणार नाही, याची काळजी घ्यावी.

वृद्धांना थंडी जाणवण्याची क्षमताच कमी झालेली असते. ‘मला नाही वाजत थंडी’ या त्यांच्या शब्दांवर न जाता थर्मामीटर पाहावा. पहाटे लघवीसाठी उठणे ही त्यांच्यासाठी जोखमीची वेळ असते. उबदार अंथरुणातून एकदम गार न्हाणीघरात गेल्याने रक्तदाब बदलतो आणि तोल जातो. उठल्यावर मिनिटभर पलंगाच्या कडेला बसावे, शाल आणि कानटोपी घ्यावी, पायांत चपला घालाव्यात, मगच चालावे. वाटेत मंद दिवा असावा. रक्तदाबाच्या गोळ्या हिवाळ्यात स्वतःहून कमी-जास्त करू नयेत. तपासणी मात्र एकदा अवश्य करून घ्यावी.

संक्रांतीनंतर दिवस तिळातिळाने मोठा होत जातो आणि महाशिवरात्रीपर्यंत थंडी बहुधा निरोप घेते. तोवरच्या रात्रींसाठी मोठा खर्च लागत नाही. दुपारी उघडलेली आणि संध्याकाळी वेळेवर मिटलेली खिडकी, अंगाखाली एक आणि अंगावर दोन पांघरुणे, घरातील वृद्धांसाठी आणि बाळासाठी मधली खोली आणि तिच्या भिंतीवर एक साधा थर्मामीटर, एवढे पुरेसे आहे. पहाटे पाचला तो १८ च्या वर असेल तर घर आपले काम नीट करीत आहे, असे समजावे.